स्लाव भाषांत ‘फळ’ या अर्थाचा सगळ्यांचा मिळून एक शब्द का नाही?

ब्र्नोकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एक प्रश्न बरेच दिवस छळतोय. इथे भाषेचे दर्दी आहेत म्हणून थेट धागाच काढतो.

स्लाव भाषा एकमेकींना किती जवळ आहेत हे वेगळं सांगायला नको. चेक माणूस चेकमध्ये विचारतो, स्लोवाक माणूस स्लोवाकमध्ये उत्तर देतो आणि दोघांचं काही अडत नाही. पाणी सगळीकडे वोदा. मग फळासारख्या रोजच्या गोष्टीला सगळ्यांनी मिळून एक शब्द ठेवायला काय हरकत होती?

मला दुकानांच्या पाट्या वाचायची खोड आहे. आमच्या चेकमधल्या ब्र्नोत झेल्नी त्र्ह म्हणून मंडई आहे. नावाचा अर्थ कोबीबाजार, शहराच्या अगदी मधोमध भरतो. तिथे पाटी असते ‘ओवोत्से – झेलेनिना’, म्हणजे फळं आणि भाजी. पोलंडमध्ये ‘ओवोत्से – वाझिवा’. बेलग्रेड आणि झाग्रेबला ‘वोचे इ पोव्रचे’. इथवर ठीक. ओवोत्से आणि वोचे एका घरातले आहेत हे कोणीही सांगेल. पण स्लोव्हेनियातल्या लुब्लियानात गेलो तर ‘साद्ये इन झेलेन्यावा’. बल्गेरियातल्या सोफियात ‘प्लोदोवे इ झेलेन्चुत्सी’. बेलारूशी भाषेत ‘सादाविना’. आणि मॉस्कोत ‘ओवश्ची – फ्रुक्ती’. यातला ओवश्ची हा दिसायला आमच्या ओवोत्सेसारखाच, पण अर्थ भाज्या! फळांना चक्क लॅटिन वळणाचा फ्रुक्त.

मूळचा शब्द कुठला, आणि तो सगळ्यांकडे टिकला का नाही? जाणकारांनी उजेड पाडावा.

धोंडोपंत

एवढं काय शोधताय? प्लोद म्हणजे आपलं फल. फ चा प झाला, बाकी सगळं जागच्या जागी आहे. आमच्या वाडवडिलांचा शब्द सोफियाच्या मंडईत अजून विकला जातोय म्हणायचा.

व्युत्पत्तीवेडा

पंत, आदर राखून सांगतो, हे जमत नाही.

संस्कृत आणि स्लाव भाषांचं नातं आहेच, पण ते आई-मुलीचं नाही, बहिणींचं आहे. ते दिसतं ते मधु आणि रशियन म्योद (अर्थ मधच) किंवा पूर्ण आणि पोल्नी अशा जोड्यांत. तिथे अर्थही जुळतो, ध्वनीही जुळतात, आणि तोच जुळणीचा नियम दुसऱ्या दहा शब्दांत पुन्हा लागू पडतो. प्लोदमधल्या शेवटच्या द चं काय करायचं? फलमध्ये तो कुठे आहे? प्लोदला सहसा प्लेम्या या शब्दाशेजारी बसवतात. प्लेम्या म्हणजे टोळी, वंश. थोडक्यात प्लोदचा जुना अर्थ पैदास, जे जन्माला आलं ते. झाडावर लटकणारं फळ हा त्यातला एक प्रकार. आणि फल या शब्दाबद्दल बोलायचं तर तमिळ पळम्, तेलुगू पंडु, कन्नड हण्णु यांच्याकडे बोट दाखवणारे अभ्यासकही आहेत.

संस्कृतशी सोयरीक जुळवायचीच असेल तर साद्ये घ्या. स्लाव सादिती म्हणजे बसवणं, त्यावरून झाड लावणं. साद म्हणजे बाग. बागेतलं ते स्लोव्हेनियात साद्ये आणि बेलारूशीत सादाविना. हा धातू आपला सद्, सदन आणि उपनिषदातला. संसदेतलासुद्धा. म्हणजे लुब्लियानाची फळं आणि दिल्लीची संसद एकाच मुळावर.

धोंडोपंत

संसदेत काय पिकतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. (हलके घ्या.)

बाकी द चा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण मी शस्त्रं खाली ठेवलेली नाहीत.

अवलोकिता

छान धागा. पुण्यात रशियन शिकले तेव्हा यातल्या निम्म्या शब्दांनी मला दगा दिला होता, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

प्लोद हा शब्द रशियनमध्ये आहे, आणि नीट जिवंत आहे, फक्त मंडईत जात नाही. वनस्पतिशास्त्रवाला त्याच्या पुस्तकात प्लोद म्हणेल. पाद्री म्हणेल. श्रमाची फळं म्हणजे ‘प्लोदी त्रुदा’, आदम-हव्वेचं निषिद्ध फळ म्हणजे ‘झाप्रेत्नी प्लोद’. पोटातला गर्भ म्हणजेही प्लोदच. पण फळवाल्याकडे जाऊन किलोभर प्लोदी द्या असं कोणी म्हणत नाही, तिथे फ्रुक्ती.

पोलिशमध्ये तर तो फळांतून जवळपास उठूनच गेला. उच्चार होतो प्वूत आणि पहिला अर्थ गर्भ. म्हणून तिथे निषिद्ध फळालाही ‘झाकाझानी ओवोत्स’ म्हणतात. चेकमध्येही ओवोत्सेच, सर्बियात वोचे. म्हणजे एकाच बायबलातलं एकच फळ, रशियात आणि बल्गेरियात प्लोद, बाकी कुठे ओवोत्स! बल्गेरियन लोकांनी मात्र प्लोद पिशवी घेऊन बाजारात नेला. फळाला ते साधा, रोजचा शब्द म्हणून प्लोद वापरतात.

ब्र्नोकर, तेव्हा तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं की सामाईक शब्द हरवलेला नाही. प्लोद घरोघरी आहे. प्रत्येक घरात त्याला वेगळं काम दिलंय.

अवांतर: रशियन बोलीत ‘नु इ फ्रुक्त!’ असं माणसाबद्दल म्हणतात. आपला ‘काय नग आहे!’ अगदी तंतोतंत.

चहाटळ

वाचनखूण साठवली. फ्रुक्त लगेच वापरायला घेतोय, ऑफिसात तीन-चार आहेत.

व्युत्पत्तीवेडा

अवलोकिता यांनी प्लोद निकालात काढला, आता ओवोत्सेकडे. इथे खरी मजा आहे, जरा लांबण लावतो.

आधी रात्र घ्या. संस्कृतात नक्तम्. स्लाव भाषांच्या मूळपुरुषात त्यातल्या क्त चा एक मऊ, तालव्य त झाला, आणि पुढे भाषा वेगळ्या झाल्यावर त्या मऊ त ला प्रत्येकीने आपल्या परीने वळवलं. पोलिश आणि चेकमध्ये नोत्स. सर्बियनमध्ये नोच, मऊ च चा. युक्रेनियनमध्ये निच. बल्गेरियनमध्ये नोश्त. आता याच क्रमाने फळ म्हणून पाहा: पोलिश ओवोत्स, चेक ओवोत्से, सर्बियन वोचे (सुरुवातीचा ओ गळला), युक्रेनियन ओवोच, बल्गेरियन ओवोश्त. रात्र जशी बदलली तसंच फळ बदललं. याला म्हणतात नियम. पंत, फल-प्लोदच्या वेळी मी हेच मागत होतो.

आता रशियन. रात्र ‘नोच’, म्हणजे फळ ‘ओवोच’ व्हायला हवं होतं. आहे ओवश्च. हा श्च रशियन मातीतला नाही. तो चर्चच्या भाषेतून आलाय. सिरिल आणि मेथोडियस ८६३ मध्ये मोराव्हियात धर्मप्रसाराला गेले (ब्र्नोकर, तुमच्याच अंगणात), त्यांच्यासाठी घडलेली ग्रंथांची भाषा मूळ दक्षिणेकडच्या, बल्गेरियन-मॅसिडोनियन बोलींवर उभी होती. पुढे ९८८ मध्ये कीव्हच्या राज्याने ख्रिस्ती धर्म घेतला आणि ती ग्रंथभाषा उत्तरेला गेली. तिच्याबरोबर श्त वाले शब्द गेले आणि रशियन जिभेवर त्यांचा श्च झाला. म्हणजे खाण्याच्या वस्तूचा शब्द पोथीतून आला. आपल्याकडे तोंडातल्या दुधाला कोणी ‘दुग्ध’ म्हणू लागावं तसं.

जुन्या रशियनमध्ये ओवश्चमध्ये फळंही यायची, बागेत-परसात पिकणारं बरंच काही त्यात बसायचं. रशियन सम्राट पीटरच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, पश्चिमेकडून फ्रुक्त आला आणि सरदारांच्या टेबलावरची गोड फळं त्याने उचलली. ओवश्चकडे गाजर-कोबी उरली.

मॅसिडोनियन या हिशोबात नीट बसत नाही. तिथे रात्र ‘नोक्य’सारखी पण फळं ‘ओवोश्ये’.

आणि एवढं करूनही हा शब्द मुळात स्लाव आहे का, यावर वाद आहे. जुन्या जर्मनमध्ये ओबाझ होता, आजचा ओब्स्ट, अर्थ फळंच. बऱ्याच जणांच्या मते स्लाव लोकांनी शब्द तिथून उचलला. पण जर्मन शब्दातून तो मऊ त कसा निघाला हे सहज जुळत नाही, म्हणून काही अभ्यासक त्याला ‘वाढणे’ अर्थाच्या धातूशी जोडून घरचाच मानतात. मला स्वतःला उसना असल्याचं जास्त पटतं. कलमं, बागायत, सुकवलेली फळं हा व्यवहार शेजाऱ्यांकडून शिकला असेल तर एकत्रित मालाचा शब्दही शेजाऱ्यांचाच यायचा.

खारकीवचा_डॉक्टर

वा! मी युक्रेनमधल्या खारकीवला एमबीबीएस केलं (युद्धाच्या बऱ्याच आधी). आमच्यासारख्यांची गंमत अशी की प्लोद हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तो प्रसूतिशास्त्राच्या तासाला. रशियनमध्ये प्लोद, युक्रेनियनमध्ये प्लिद. त्यामुळे जॅमच्या बाटलीवर ‘प्लोद’वरून आलेला शब्द पाहिला की पोटात कसंसंच व्हायचं.

युक्रेनियनबद्दल एक भर घालतो. आजच्या प्रमाण युक्रेनियनमध्ये ओवोची म्हणजे भाज्या, फ्रुक्ती म्हणजे फळं, रशियनसारखंच. पण माझा एक वर्गमित्र ल्विवकडचा होता. त्याची आजी ओवोची म्हणायची ते फळांनाच, आणि भाजीला यारिना. आम्हाला वाटायचं म्हातारी घोळ घालते. तो सांगायचा, आमच्या गॅलिशियात जुने लोक असंच बोलतात. पोलंडच्या बाजूचा भाग, तिकडे यारिनाचा जोडीदार पोलिश याझिना आहेच. एकाच देशात पूर्वेची ओवोची भाजी आणि पश्चिमेच्या म्हाताऱ्यांची ओवोची फळं! याशिवाय सादोविना (बागेतलं) आणि होरोदिना (परसातलं) असे दोन साधेसुधे शब्दही युक्रेनियनमध्ये आहेत, बेलारूशी सादाविना-हारोद्निनासारखे. मला विचाराल तर तेच सगळ्यांत सरळ. कुठे उगवलं ते सांगतात, भानगड नाही.

नागपुरी_नमुना

अबे, पण आपणच कोणते सरळ आहोत? वांगं, भेंडी, दोडका, टमाटर यांना आपण ‘फळभाजी’ म्हणतो. फळ पण आणि भाजी पण. एखादा रशियन मराठी शिकत असेल तर त्याच्या मंचावर तो आपल्यावर धागा काढून बसला असेल.

आणि फराळ? फलाहाराचा फराळ झाला. दिवाळीच्या फराळाच्या ताटात चकली, चिवडा, शेव, अनारसे सगळं आहे. फळ शोधून दाखवा. उपासाच्या फराळात निदान केळं तरी सापडतं.

अवलोकिता

@नागपुरी_नमुना, फराळ भारी!

भाजीचंही तसंच. भाजणे वरून भाजी. पोलिश वाझिवा हा शब्द वाझिच वरून, म्हणजे शिजवणे, उकळणे. आपल्याकडे विस्तवावर भाजलं ते भाजी, त्यांच्याकडे भांड्यात शिजवलं ते वाझिवा. सर्बियन पोव्रचे मात्र व्र्त म्हणजे बागेवरून, वाफ्यावरून. चेक झेलेनिना रंगावरून, हिरवं ते. म्हणजे भाजीच्या बाबतीत तर कोणाचं कोणाशी जुळत नाही.

पोलिशमध्ये आणखी एक गोड शब्द आहे: व्वोश्चिझ्ना. सूपात घालायची गाजर, सेलरी, लीक वगैरेंची जुडी. अर्थ ‘इटलीकडचं’. १५१८ मध्ये पोलंडच्या राजाशी लग्न करून आलेल्या इटालियन बोना स्फोर्झा राणीने या भाज्या आणल्या असं तिकडे सांगतात. सगळ्या तिनेच आणल्या असतील असं नाही, पण नाव चिकटलं.

ब्र्नोकर

अपेक्षेपेक्षा फारच जास्त मिळालं, आभार. रात्र-फळाची जोडी तर मी इथल्या सहकाऱ्यांनाही ऐकवली, त्यांना आपल्याच भाषेतलं हे ठाऊक नव्हतं.

चेक आणि रशियन यांच्यातली अशी फसवाफसवी खूप आहे. चेकमध्ये ‘चेर्स्त्वी’ पाव म्हणजे ताजा पाव. रशियनमध्ये तोच ‘च्योर्स्त्वी’ म्हणजे शिळा, वाळलेला. एकाच बेकरीत दोघं गेले तर काय होईल बघा.

पण एक गोष्ट लक्षात येतेय. ‘फळ’ म्हणायला पाच शब्द, पण सफरचंदाला? रशियन याब्लका, पोलिश यापको (लिहितात वेगळं, बोलतात असं), सर्बियन याबुका, बल्गेरियन याबल्का. एकच शब्द. आलुबुखारासारखं जे प्लम असतं ते स्लिवा, श्लिवा, श्ल्यिवा. नाशपाती ग्रुशा, ह्रुश्का, क्रुश्का. आंबट चेरी विश्न्या, विश्न्या, विश्न्या, कुठेही जा. म्हणजे एकेका फळाचं नाव सगळ्यांनी सांभाळलं आणि ‘फळ’ हा शब्द मात्र वाऱ्यावर सोडला. माझा अंदाज असा, की अंगणात सफरचंदाचं झाड आहे तोवर याब्लका म्हणावंच लागतं. ‘फळं’ हा शब्द लागतो तो दुकानदाराला, आचाऱ्याला, पाद्र्याला. आणि या तिघांचे शब्द बाहेरून येतात.

बेलग्रेडची_सून

उशिरा आले, पण हे वाचून सासूबाईंना विचारल्याशिवाय राहवलं नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बरोबर शब्द फक्त वोचे, बाकी सगळे चुकीचे बोलतात. :)

वोचेबद्दल एक गोष्ट कोणी लिहिली नाही. हा शब्द समूहवाचक आहे, एकवचनीच चालतो. ‘एक वोचे’ असं होत नाही. एक नग हवा असेल तर वोच्का म्हणायचं, नाहीतर ‘फळाचा एक तुकडा’ अशी रचना. आपल्या ‘फळफळावळ’ सारखं, एक फळफळावळ दे असं आपण म्हणतो का? चेक ओवोत्सेही तसंच आहे असं वाटतं, ब्र्नोकर सांगतील. मला सुरुवातीला मंडईत फार त्रास झाला यामुळे, एक फळ मागायला शब्दच नसायचा. शेवटी थेट याबुका, क्रुश्का म्हणून बोट दाखवायचे.

ब्र्नोकर यांच्या सिद्धांताला मात्र माझा एक सुरुंग. यागोदा! सर्बियात यागोदा म्हणजे स्ट्रॉबेरी. नवऱ्याची एक पोलिश मैत्रीण आली होती, ती यागोदा यागोदा म्हणून जी वर्णन करत होती ती निळी-काळी, जंगलात जमिनीलगत मिळणारी. त्यांच्याकडे त्याचे गोड पाव भरून करतात, यागोज्यांका. दोघी एकाच शब्दाने वेगवेगळी फळं खात होत्या. मग एकेका फळाचं नाव तरी कुठे टिकलं?

आणि श्ल्यिवाचा विषय निघालाय तर, सर्बियाची श्ल्यिवोवित्सा, म्हणजे याच फळाची घरोघरी गाळलेली दारू, २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. सासऱ्यांनी त्या दिवशी वारसा जरा जास्तच जपला.

व्युत्पत्तीवेडा

@बेलग्रेडची_सून, यागोदा सुरुंग नाही, उलट ब्र्नोकरांच्या बाजूचा पुरावा आहे. यागोदा हे मुळात एका फळाचं नाव नव्हतंच. तो समूहाचा शब्द: लहान, रसाळ, झुडपावरचं काहीही. रशियनमध्ये यागदा आजही तेच. क्रॅनबेरी, रानातल्या लाल-काळ्या बोरांएवढ्या सगळ्या प्रकारांना मिळून यागदी. रशियन लोक तर कलिंगडालाही शास्त्राप्रमाणे यागदा म्हणून एकमेकांना कोड्यात टाकतात. मग जिथे जे जास्त मिळालं त्याला तो शब्द चिकटला: पोलंडच्या जंगलात बिलबेरी, दक्षिणेत स्ट्रॉबेरी. चेक याहोदाही स्ट्रॉबेरीच. म्हणजे इथेही घसरला तो समूहाचाच शब्द.

खरा सुरुंग हवा असेल तर दीन्या घ्या. रशियात आणि तुमच्याकडे सर्बियात दीन्या म्हणजे खरबूज. बल्गेरियात दीन्या म्हणजे कलिंगड. पोलंडमध्ये आणि ब्र्नोकरांच्या चेकमध्ये भोपळा!

ब्र्नोकर

हो, दीन्ये म्हणजे भोपळाच, ऑक्टोबरात इथे सगळीकडे रचून ठेवलेले असतात. (वोच्काचा मुद्दाही बरोबर, ओवोत्सेही इथे एकवचनीच.)

पण हा सुरुंगही मी निकामी करतो. लाल-पिवळा भोपळा अमेरिकेतून आला ना? कोलंबसाच्या आधी युरोपात तो नव्हता. नवा माल आला, जवळपास तशाच दिसणाऱ्या वेलीचं नाव त्याला दिलं. सफरचंद मात्र हजारो वर्षं जागचं हललेलं नाही. लिथुएनियन ओबुओलिस, जर्मन आप्फेल, इंग्रजी ॲपल, सगळे याब्लकाचे नातलग. जुनं झाड, जुना शब्द. आयात मालाच्या नावांचा भरवसा नाही.

अवलोकिता

आयात मालाबद्दल सहमत. पीच बघा: सगळीकडे ‘पर्शियाचं’ या लॅटिन शब्दाची मोडतोड. चेक ब्रोस्केव्ह, पोलिश ब्झोस्क्फिन्या, सर्बियन ब्रेस्क्वा, बल्गेरियन प्रास्कोवा, आणि रशियन पेर्सिक, जो नंतर वेगळ्या वाटेने आला म्हणून इतका ताजा दिसतो. जर्दाळूचं तर विचारूच नका. सर्बिया-बल्गेरियात तुर्की कायसीवरून कायसिया, क्रोएशियात मारेलित्सा. सर्ब आणि क्रोएट एकमेकांचं बाकी सगळं समजतात, जर्दाळू आला की कळतं कोण कुठला.

संत्र्यात मात्र आपला हात आहे. संस्कृत नारंग फारसी-अरबीतून पश्चिमेला गेला. सर्बियन नारांजा सरळ ओळखू येतो. पोलिश पोमारांचा आणि चेक पोमेरांच यांच्या पोटातही इटालियन अरांचा, म्हणजे तोच नारंग लपलाय. रशियन आपेल्सीन डचांकडून, ‘चीनचं सफरचंद’. बल्गेरियन पोर्तोकाल, पोर्तुगालवरून. आपण मोझांबिकवरून मोसंबं केलं, तसं त्यांनी पोर्तुगालवरून संत्रं.

धोंडोपंत

नारंग आमचा. मी गप्प बसतो, पण समाधानाने.

करवीरकर

विषयाला थोडं सोडून, पण राहवत नाही. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका-मुलं. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेले हे लोक इराणमार्गे भारतात आले. या धाग्यामुळे एक गोष्ट डोक्यात आली: त्या मुलांनी आधी घरी ओवोत्से म्हणजे फळ शिकलं असणार, मग सायबेरियात ओवश्ची म्हणजे भाजी, तीही मिळाली तर. मग वाटेत इराणी खरबूज, आणि शेवटी पंचगंगेच्या काठी केळी, आंबे, पेरू. जुनी माणसं सांगतात की त्यातले काही जण पुढे वयस्क होऊन छावणीची जागा बघायला परत यायचे. कोणाच्या घरी त्यांच्याबद्दलच्या, खास करून खाण्यापिण्याच्या आठवणी असतील तर लिहा. वेगळा धागा काढला तरी चालेल.

अवलोकिता

@करवीरकर, जरूर काढा. पेरूचं नावच पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणजे नाशपातीवरून आलंय, तेव्हा ती मुलं पेरू खात होती तेव्हा नावाने तरी घरचं ग्रुश्काच खात होती.

खारकीवचा_डॉक्टर

खरबूज निघालंच आहे तर माझी शेवटची भर. फारसी खर्बुझा आपल्याकडे येऊन खरबूज झालं, अर्थ तोच राहिला. तिकडे तुर्कांमार्फत रशियात गेलं आणि अर्बूझ झालं, अर्थ कलिंगड. युक्रेनियनमध्ये त्याचंच हार्बूझ झालं, अर्थ भोपळा! आणि कलिंगडाला युक्रेनियन म्हणतात कावून, जे तुर्कीत खरबूज असतं. होस्टेलवर रशियन बोलणारे आणि युक्रेनियन बोलणारे एकत्र बाजारात गेले की यावरून हमखास हसाहशी.

नागपुरी_नमुना

तुम्ही तिकडे अर्बूझ म्हणा, आम्ही नागपूरला टरबूजच म्हणतो. हे पुण्या-मुंबईचे लोक कलिंगड कलिंगड करतात ते आम्हाला आजतागायत समजलं नाही. आधी महाराष्ट्रात एकी करा, मग स्लाव भाषांकडे बघू.

खारकीवचा_डॉक्टर

हा हा. तो धागा काढलास तर तीनशे प्रतिसाद पक्के.

हार्बूझवरून एक राहिलं. युक्रेनमध्ये पूर्वी मुलाकडचे मागणी घालायला आले आणि मुलीला स्थळ पसंत नसलं की ती भोपळा आणून हातात द्यायची. आजही ‘हार्बूझ मिळाला’ म्हणजे नकार आला. आमच्या वर्गातला एक जण एकीला विचारायला गेला होता, बाकीच्यांनी त्याच्या खोलीच्या दाराशी खराखुरा भोपळा ठेवला होता.

अवलोकिता

पोलंडमध्ये नकाराला काळं सूप वाढायचे, बदकाच्या रक्ताचं, चार्ना पोलेव्का. उपवराने ताटात पाहायचं आणि मुकाट्याने घोडा जोडायचा.

चहाटळ

आणि आपल्याकडे नारळ! फक्त आपण स्थळाला नाही, कर्मचाऱ्याला देतो. ऑफिसातल्या त्या तीन-चार फ्रुक्तांपैकी एकाला परवाच मिळाला.